जमिनीवरून उठताना

ओपीडीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. सोबत त्यांची सून. सुनेचा चेहरा गोळ्यांनी फुगून गोल झालेला. तो गोलपणा मी लांबून ओळखते, कारण बराच काळ तोच आरशात बघितलाय. सासूबाईंची नजर माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या बुटांवर गेली.

"तुम्ही कुणाबरोबर आलात?"

"मीच पेशंट आहे. हाच आजार."

"मग हे खेळायचे बूट?"

"इथून जिमला जाते."

"जिमला? वजनं उचलायला? या आजारात?"

सुनेने पहिल्यांदाच मान वर केली. तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं. मी बाहेर आले तोवर त्या दोघी निघून गेल्या होत्या.

मला पटकन उत्तर सुचत नाही, घरी गेल्यावर सुचतं. त्या सुनेला द्यायचं राहून गेलेलं उत्तर मी इथे लिहितेय. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं, पण त्या बाकावर बसणाऱ्या बहुतेक जणी मराठीत घाबरतात, म्हणून हे मराठीत आहे. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिने ऱ्हस्व-दीर्घ तपासलेत. मजकूर मात्र बदलायचा नाही, असं आमचं आधीच ठरलंय.

आणि एक सांगते. मला जे चाललं ते तुम्हाला चालेलच असं नाही. कधी सुरू करायचं आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी फक्त मला काय झालं तेवढं सांगू शकते.

स्वभावच तसा आहे तिचा

आजार नक्की कधी सुरू झाला ते मला माहीत नाही, कारण तो हुबेहूब माझ्या स्वभावासारखा दिसत होता.

नगर रस्त्यावर काचेच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या. त्यांतल्या एकीत मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. पप्पा सरकारी कार्यालयात हेड क्लार्क. मुलीला न्यायला कंपनीची गाडी येते याचं त्यांना इतकं अप्रूप, की येरवड्यातल्या आमच्या कॉलनीच्या फाटकापर्यंत ते मला रोज सोडायला यायचे. गाडी म्हणजे उंच पायरीची सुमो. एक दिवस लक्षात आलं, की पाय पायरीवर ठेवला तरी उरलेलं शरीर वर येत नाही. मग मी आतली कडी धरून स्वतःला ओढून घेऊ लागले, आणि कुणी पाहू नये म्हणून सगळ्यांच्या शेवटी चढू लागले. बाकीच्यांना वाटलं, किती सभ्य मुलगी, सगळ्यांना आधी जाऊ देते.

कॅन्टीन दोन मजले वर होतं. जिना नकोसा झाला तेव्हा मी डबा जागेवरच खायला लागले. "तिला एकटंच आवडतं." केस विंचरताना हात डोक्यापर्यंत पोचायचे, पण तिथे टिकायचे नाहीत, आपोआप खाली यायचे. मी केस कापून टाकले. कॉलनीतल्या बायका म्हणाल्या, "आता खरी आयटीवाली दिसतेस." मीटिंगमध्ये हात वर करणं तर मी शाळेपासूनच टाळत आले होते. त्यामुळे तो आता वर जातच नाही, हे मलाही उशिरा कळलं.

बोलकं माणूस गप्प झालं तर घर घाबरतं. अबोल माणूस आणखी थोडं आत गेलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. ही तक्रार नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर ते काय टाळू लागलंय तिकडे लक्ष ठेवा, एवढंच म्हणणं आहे.

टाळण्यातलं सगळ्यात अवघड होतं ते विहारात. आजोबांच्या पिढीने धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात रविवारची वंदना चुकलेली नाही. विहारात गेलं की बुद्धमूर्तीसमोर पंचांग प्रणाम करायचा. गुडघे, तळहात आणि कपाळ जमिनीला टेकवायचं, तीनदा. मग खालीच बसून त्रिसरण आणि पंचशील म्हणायचं. मला चालायला लागल्यापासून हे येतं. पण आता खाली गेले तर वर येईन याची खात्री राहिली नव्हती. मी मागच्या भिंतीला टेकून, हात जोडून नुसती उभी राहू लागले.

असे काही रविवार गेले. मग समोरच्या बिल्डिंगमधल्या वनिताकाकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाल्या, "प्रज्ञाचे गुडघे इंग्लिश मीडियमचे आहेत बाई. वाकत नाहीत." बायका हसल्या.

घरी आल्यावर आईने चपलासुद्धा काढल्या नाहीत. "सगळ्यांदेखत माझी मान खाली गेली. तुझे आजोबा दिवसभर खडी फोडून यायचे, तरी आंघोळ करून विहारात डोकं टेकायचे. तुला कंपनीत जाऊन वाकायची लाज वाटायला लागली?"

'मला जमत नाही' हे वाक्य तयार होतं, पण ते म्हटलं की खरं झालं असतं. त्यापेक्षा आईने मला गर्विष्ठ समजलेलं परवडलं.

नाव मिळालं तो दिवस

शनिवार होता. मी घरात जमिनीवर बसून मेथी निवडत होते. फोन वाजला म्हणून उठायला गेले आणि उठता येईना. हात टेकले, कूस बदलली, गुडघ्यांवर आले, पुन्हा बसले. पप्पा पेपर वाचत होते.

"उचल की गं फोन."

"उठता येत नाहीये."

"मेथी नको म्हणून नाटकं," ते हसत म्हणाले. मग त्यांनी पेपरच्या वरून पाहिलं आणि पेपर बाजूला ठेवला. फोन वाजून वाजून थांबला. त्यांनी माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं. माझे पाय दुखत नव्हते, थरथरत नव्हते. ते नुसते नव्हतेच.

कॉलनीतल्या डॉक्टरांनी डाएटिंग करते का विचारलं आणि टॉनिक दिलं. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनी रक्तही तपासायला सांगितलं. त्यात स्नायूंचा एक आकडा असा आला, की लॅबवाल्याने पुन्हा तपासून पाहिलं. मग मोठं हॉस्पिटल, स्नायूंत सुया खुपसून केलेली एक तपासणी, मांडीतून काढलेला एक तुकडा, आणि वाट बघणं.

नाव सांगणाऱ्या डॉक्टर बाई होत्या, भरभर बोलणाऱ्या, पण त्या दिवशी हळू बोलल्या. "पॉलिमायोसायटिस. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच स्नायूंवर हल्ला करतेय. खांदे आणि मांड्या, म्हणजे शरीराच्या मधल्या भागाजवळचे स्नायू आधी जातात. उपचार आहेत. वेळ लागेल."

पप्पांनी खिशातून पेन काढलं. "स्पेलिंग सांगता का?" ते घाबरले की कारकून होतात.

आईने विचारलं, "कशामुळे झालं?"

"कुणामुळेही नाही, काहीही चुकलेलं नाही तुमचं."

डॉक्टरांनी हे दिलासा म्हणून सांगितलं. आई कॉरिडॉरमध्ये आली, भिंतीला टेकली आणि म्हणाली, "म्हणजे त्या रविवारी तू..." पुढचं वाक्य तिने पूर्ण केलं नाही. मीही करून दिलं नाही. खूप दिवस ते तसंच आमच्यामध्ये पडून राहिलं.

पडदा नसलेली खाट

वॉर्डातला दिवस उजाडायच्या आधीच सुरू होतो. थर्मामीटर, चहा, झाडू, राउंड. सलाईनमधून औषध जायचं तेव्हा तोंडाला नाण्यासारखी चव यायची. मला सगळ्यात जास्त भीती दुपारी वाटायची. राउंड संपलेला, आई डबा आणायला गेलेली. उशीवरून डोकं उचलायचा प्रयत्न करावा तर ते उचललं जायचं नाही, आणि वरचा पंखा तेवढा दिसत राहायचा. एकदा पाणी पिताना ठसका लागला आणि थांबेना. नर्सने धावत येऊन मला बसतं केलं. गिळणंही स्नायूंचंच काम असतं हे मला तेव्हा कळलं. श्वासही त्यांचाच असतो, हे कळलं आणि ते मी कुणाला सांगितलं नाही.

माझी खाट दाराशी होती आणि तिचा पडदा धुवायला गेलेला. येणारा-जाणारा प्रत्येक जण बघून जायचा. माझ्यासारखीला हे आजाराइतकंच जड होतं. दोन दिवस मी चादर तोंडापर्यंत ओढून पडले होते. शेजारच्या खाटेवर शनिवार पेठेतल्या पेंडसे आजी होत्या, खुब्याचं हाड मोडून आलेल्या. त्यांनी ते दोन दिवस माझ्याकडे बघून काढले आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "अहो, आपण बोलत नाही, की बोलता येत नाही? नाही, डॉक्टर नेमका कशाचा इलाज करताहेत ते कळलं नाही म्हणून विचारलं."

मी हसले. हसायलाही पोटाचे स्नायू लागतात, ते दुखले. आजींनी मग नर्सला बोलावलं. "तुमच्याकडे पडद्याची लाँड्री विलायतेला जाते का?" संध्याकाळी पडदा आला.

आजी आधी घरी गेल्या. वॉकर घेऊन चालायला शिकवत होते तेव्हा प्रत्येक पावलाला त्या फिजिओथेरपिस्टला म्हणायच्या, "हात काढा. पडले तर बघू." मला तेव्हा तो हट्ट वाटला होता.

खुर्चीखालचे ठोकळे

घरी आले तेव्हा पप्पांनी सुतार बोलावून माझ्या पलंगाच्या आणि एका खुर्चीच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवले होते. उंच जागेवरून उठणं सोपं पडतं. सगळं घर माझ्या मांड्यांच्या मापाने उंच झालं होतं.

आईने रजा घेतली. आंघोळ, केस, कपडे, संडासावरून उठवणं, सगळं ती करायची. चांगली नोकरी करणारी, स्वतःच्या पगारावर जगणारी मी रोज आईसमोर हात वर करून उभी राहायची, तेही ती वर धरायची. गोळ्यांनी चेहरा फुगला, भूक राक्षसासारखी झाली, चिडचिड वाढली. आईचा हात सतत माझ्या कोपराखाली असायचा. मी नुसती पुढे वाकले तरी तो यायचा. मी पाणी प्यायला वाकलेय की उठायला, हे कळायच्या आत यायचा. मला कळत होतं की त्या रविवारचं तिचं अर्धं वाक्य ती हातांनी पूर्ण करतेय. आणि तरीही एकदा मी ओरडले, "सोड ना मला!" तिने सोडलं. मी पलंगावर परत पडले. ती पुढे आली आणि तिने पुन्हा धरलं.

काही महिन्यांनी आकडा खाली आला. पप्पांनी पेढे आणले. पण मला खुर्चीतून उठताना अजूनही टेबल लागत होतं. डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "औषधाने आग विझवली. जळालेलं घर औषध बांधत नाही. आता फिजिओथेरपी, आणि ते झालं की वजनं."

"वजनं?" आई म्हणाली. "हिला पाण्याची बादली उचलत नाही."

"म्हणूनच."

उतार असलेली जिम

फिजिओथेरपी संपल्यावर जिम शोधली ती एकाच अटीवर: जिना नको. कॉलनीजवळच एका इमारतीचं पार्किंगचं तळघर भाड्याने घेऊन जिम केली होती. आत जायला गाड्यांचा उतार. दुपारी बायकांची बॅच. चालवणाऱ्या रेश्माताई पूर्वी पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धांत उतरायच्या. भिंतीला त्यांचा वजन उचलतानाचा फोटो होता. त्यात त्या इतक्या रागावलेल्या दिसतात, की मी पहिल्या दिवशी उतारावरूनच परत फिरणार होते.

"डॉक्टरांची चिठ्ठी आणलीय?" त्यांनी ती दोनदा वाचली. "हे मी आधी कधी केलेलं नाही मॅडम. खोटं सांगत नाही. शिकत शिकत करू. चालेल?"

खोटं सांगत नाही म्हणाल्या म्हणून मी थांबले.

पहिला व्यायाम होता बसणं आणि उठणं. त्यांनी लोखंडी थाळ्या एकावर एक रचल्या, त्यांवर पाट ठेवला आणि म्हणाल्या, "यावर बसा आणि हात न टेकता उठा." बाकीच्या बायका वजनं चढवत होत्या. माझ्याखालची वजनं काढायची होती. मला पाटावरून सहज उठता यायला लागलं की एक थाळी निघायची आणि मी तेवढी जमिनीजवळ जायची. माझी प्रगती खालच्या दिशेने चालली होती.

मला ती जागा आवडायला लागली याचं मलाच नवल वाटलं. तिथे बोलावं लागत नव्हतं. लोखंड कुणाची चौकशी करत नाही. ते उचललं जातं किंवा जात नाही, आणि जात नसेल तर कमी घ्यायचं, त्यात अपमान नसतो. आरशात मी माझा गोल चेहरा बघायचं सोडून गुडघे सरळ रेषेत आहेत का ते बघायला शिकले. एक दिवस व्यायाम, एक दिवस आराम. वाढ आरामाच्या दिवशी होते म्हणे. घरी आईने प्रथिनांचा ताबा घेतला. मोड आलेली मटकी, अंडी, रविवारी चिकन. वरणाची वाटी माझ्यासमोर अशी ठेवायची जशी शाळेत छडी ठेवतात.

वाईट आठवडाही आला. एका बुधवारी मांड्या इतक्या दुखायला लागल्या, की मला वाटलं आजार परत आला. मी कुणाला सांगितलं नाही. पुन्हा तेच. जिमला गेले नाही, जेवले नाही, पलंगावर पडून राहिले. दुसऱ्या दिवशी स्वतःहून आईच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "पाय दुखताहेत. मला भीती वाटतेय." माझ्यासाठी हे वाक्य कुठल्याही वजनापेक्षा जड होतं. आईने डॉक्टरांना फोन लावला. रक्त तपासलं. आकडा जागेवर होता. दुखणं व्यायामाचं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "व्यायामाचं दुखणं दोन-तीन दिवसांत उतरतं आणि ताकद जागेवर असते. ताकदच कमी झाली तर लगेच या." रेश्माताईंनी कान धरले. "माझं चुकलं, एकदम वाढवलं." आणि एक थाळी परत घातली.

हवेतले हात

थाळ्या संपत आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. हातांसाठी मी बाकावर उताणं झोपून लोखंडी दांडा छातीपासून वर ढकलायला शिकत होते. दांडा रिकामाच होता, पण तो रिकामाही जड असतो. असा व्यायाम करताना एक जण डोक्याशी उभा राहतो. त्याचे हात दांड्याच्या खाली, अगदी जवळ, पण न लागता. दांडा पडायला लागला तरच धरायचा.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली म्हणून आई मला न्यायला आली. मला माहीत नव्हतं. शेवटच्या खेपेला दांडा अर्ध्यात अडकला. हात थरथरायला लागले. दांडा ना वर जाई ना खाली. डोक्याशी रेश्माताई, दांड्याखाली हात धरून.

"अहो, हात लावा ना तिला!"

चाळीस मुलांचा वर्ग गप्प करणारा आवाज तळघरात घुमला. सगळ्या बायका थांबल्या. "नुसत्या उभ्या काय राहिलात? ती पेशंट आहे!"

रेश्माताईंनी वर पाहिलं नाही. मला म्हणाल्या, "श्वास सोडा. ढकला."

दांडा वर गेला. कसा ते मला सांगता येणार नाही. तो स्टँडवर ठेवून त्या आईकडे वळल्या.

"काकू, मी हात लावला असता तर ते उचलणं तिचं म्हणून मोजलं गेलं नसतं."

"आणि पडला असता म्हणजे?"

"पडू दिला नसता. माझे हात कुठे होते, बघितलं ना?"

"बघितले. हवेत होते."

"तेच काम आहे. धरणं सोपं असतं काकू. हवेत ठेवणं अवघड."

कॉलनीच्या फाटकाशी आल्यावर आई म्हणाली, "मला नाही जमायचं ते."

पण दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तिने बैठकीतलं टीपॉय बाजूला सारलं, जमिनीवर सतरंजी घातली आणि म्हणाली, "बस. मी शिकते."

मी गुडघ्यांवर बसायची. एक पाऊल पुढे टेकवायचं, हात मांडीवर, आणि वर. आई मागे उभी. मी जरा डळमळले की तिचा हात यायचा आणि खसकन काखेत घुसायचा.

"आई!"

"माहितीये. नाही मोजायचं. परत कर."

एकदा मी खरंच मागे बसले, दाणकन. आईने स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते म्हणून तिला धरता आलं नाही. ती तशीच उभी राहून म्हणाली, "त्या दिवशी तू सांगितलं असतंस तर..."

आणि नेमकं त्याच वेळी मी म्हणाले, "तू विचारलं असतंस तर..."

दोघी थांबलो. पप्पांनी पेपर खाली केला. "दोघींचं एकदम सांगून झालं. आता चहा कोण टाकतंय?"

तेव्हापासून ते वाक्य आमच्यामध्ये पडून राहिलेलं नाही.

विहारात

मी पूर्ण बरी झालेले नाही. गोळ्या कमी झाल्यात, बंद नाहीत. मी पुन्हा कंपनीत जाते, सुमोत कडी न धरता चढते, पण शेवटी चढायची सवय तशीच राहिली. कदाचित ती आजाराची नव्हतीच. त्या सुनेला हेही सांगायचंय, की सगळं परत मिळत नाही. मला थोडं परत मिळालं आणि थोडं नवीन मिळालं.

विहारात माझ्यासाठी खुर्ची असायची. ती वनिताकाकू ठेवायच्या. आजार कळल्यापासून त्या दर रविवारी आधी येऊन एक खुर्ची पुसायच्या आणि दुसरं कुणी बसलं तर त्याला उठवायच्या. गुडघ्यांच्या त्या विनोदाबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत. खुर्ची मात्र चुकवली नाही.

थाळ्या संपल्यानंतरच्या एका रविवारी मी पांढरा कुर्ता घातला आणि खुर्चीच्या शेजारून पुढे गेले.

"अगं, खुर्ची इकडे आहे," काकू म्हणाल्या.

"आज नको काकू."

मी आईच्या बाजूला गुडघे टेकले. तळहात, कपाळ. फरशी गार होती. तिचा तो वास मी विसरले होते, अगरबत्तीचा आणि ओल्या फडक्याचा. तीनदा. मग सगळ्यांबरोबर खाली बसून त्रिसरण, पंचशील. म्हणताना माझं लक्ष शब्दांवर नव्हतं, हे कबूल करते. मी उठायचा विचार करत होते. घरी सतरंजी होती. इथे गुळगुळीत फरशी होती आणि सगळी कॉलनी.

वंदना संपली. बायका उठू लागल्या. मी गुडघ्यांवर आले, एक पाऊल पुढे टेकवलं, हात मांडीवर ठेवला. उठले, आणि अर्ध्यात अडकले. मांडी थरथरायला लागली. समोर मूर्ती, डोळे मिटलेली, निवांत. जवळ भिंत नव्हती.

बाजूची आई कधी मागे सरकली कळलं नाही; माझ्या दोन्ही बाजूंना, कानाशी म्हणावं इतक्या जवळ, आईच्या बांगड्या वाजल्या. मी वाट पाहिली. हात लागला नाही. बांगड्या तिथेच, हवेत, बारीक किणकिणत राहिल्या.

मी श्वास सोडला आणि वर आले.

वळून पाहिलं तर आई अजून गुडघ्यांवरच होती. दोन्ही हात तसेच वर, न दिसणारं काहीतरी धरल्यासारखे. वनिताकाकू खुर्ची घेऊन अर्ध्या वाटेत पोचल्या होत्या आणि त्यांचा संताप झाला होता.

"अगं, पोरगी लटपटतेय आणि तू नुसती हात पसरून काय बसलीस? धरायचं नाही का तिला?"

आई हात खाली न घेता म्हणाली, "धरलं की मोजलं जात नाही."

मग तिने त्यांतला एक हात माझ्यापुढे केला.

"मला मात्र धर," ती म्हणाली, काकूंना ऐकू जाईल अशा हळू आवाजात. "माझे गुडघे मराठी मीडियमचे आहेत."

मी दोन्ही पाय नीट रोवले, तिचा हात धरला, आणि तिला उठवलं.